तारीख नसलेला फ्लेक्स

गेल्या वर्षी मनिलाच्या हाफ मॅरेथॉनमध्ये मी शून्य किलोमीटर धावलो. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करत असल्यामुळे आकड्यांत लपवालपवी मला आवडत नाही, म्हणून हा आकडा आधीच सांगून टाकतो. गल्लीला तो सांगायला मात्र मला तीनशे चौसष्ट दिवस जमलं नाही.

झालं होतं ते अगदी साधं. आमची मारिकिनाची वस्ती शहराच्या एका टोकाला, शर्यत दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या रस्त्यावर. मी पहाटे फोनवरून गाडी मागवली. शर्यतीसाठी रस्ते बंद केले होते, त्यामुळे शर्यतीकडे जाणारेही रस्ते बंद होते. ड्रायव्हरने मला पाच किलोमीटर अलीकडे उतरवलं आणि मोठ्या मायेने म्हणाला, "इथून पळत जा, तसंही पळायलाच आलायस ना!" मी गेलो. पण सुरुवातीची कमान बावीस मिनिटांपूर्वी बंद झाली होती. मग मी समुद्राच्या कठड्यावर बसलो, दोन पेले गरम तहो, म्हणजे सोयाबीनची गोड खीर, खाल्ला, आणि खऱ्या धावपटूंना घरी जायला जेवढा वेळ लागेल तेवढा अंदाजाने घालवून परत आलो.

गल्लीच्या तोंडाशी आलो तर वर माझा फ्लेक्स.

आमच्याकडे कुणी नर्सिंगची परीक्षा पास झालं, कुणाला परदेशी जहाजावर नोकरी लागली, की फ्लेक्स लागतो. शर्यतीसाठी कधी लागला नव्हता. पण आमच्या वस्तीच्या निवडून आलेल्या कॅप्टन, ओफेलियाबाई, यांनी छपाईवाला रविवारी बंद असतो म्हणून शनिवारीच तो छापून घेतला होता. "अभिनंदन! आपल्या वस्तीचा दोम मगतिबाय, २१ किलोमीटर पूर्ण!" एका बाजूला माझा फोटो, दुसऱ्या बाजूला कॅप्टनबाईंचा. नंतर एकदा मी मोजलं: माझा चेहरा एकोणीस सेंटिमीटर, त्यांचा बेचाळीस. खाली लोक नूडल्सची परात घेऊन उभे होते. भाड्याने आणलेल्या गाण्याच्या मशीनवर कुणीतरी आधीच सुरू झालं होतं. अंगात माझ्या शर्यतीचा बनियन होता, जो शर्यतीच्या आधीच वाटतात.

मी तोंड उघडलं. आईने त्यात नूडल्स घातले.

"मेडल कुठंय रे?" कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या पुरिंगमावशींनी विचारलं.

"पोस्टाने येणार आहे," मी म्हणालो.

एवढंच माझं खोटं. शब्द मोजले तर तीन. बाकी सगळं फ्लेक्सने केलं.

त्यातल्या त्यात स्वतःची बाजू सांभाळायला मी कॅप्टनबाईंकडे एक शास्त्रीय हरकत नोंदवली. "बाई, यावर तारीख नाही. तारखेशिवाय कुठल्याही नोंदीला अर्थ नसतो. आमच्याकडे असा नमुना आला तर आम्ही परत पाठवतो."

"तारीख घातली की फ्लेक्स जुना होतो," बाई म्हणाल्या. "तू जा, नूडल्स खा."

फ्लेक्स काढलाच गेला नाही. माझं नाव गल्लीत 'एकवीस' पडलं. रिक्षावाला हाक मारायचा, "काय एकवीस, आज चालत?" पुरिंगमावशी साबण देताना म्हणायच्या, "घे, एकवीस." रोज सकाळी कामावर जाताना मी त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून जायचो, आणि लोक म्हणायचे, पोरगा बघा किती नम्र आहे.

म्हणून यंदा मी ठरवलं: गुपचूप नाव द्यायचं, गुपचूप धावायचं, आणि फ्लेक्सवरचं वाक्य खरं करून टाकायचं. वाक्य बदलणं माझ्या हातात नव्हतं, एकवीस किलोमीटर मात्र होते. आठ महिने मी रोज पहाटे नदीकाठी धावलो. सर्वांत लांबची धाव सोळा किलोमीटर झाली. किलोमीटरला आठ मिनिटं हा वेग बसला. उरला प्रश्न एकच, आणि तो पायांचा नव्हता. साडेचारच्या सुरुवातीला पोचायचं कसं?

मी वहीत तक्ता केला. रविवारी पहिली मेट्रो शर्यत सुरू झाल्यावर निघते. फोनवरची गाडी: गेल्या वर्षीचा अनुभव. सायकल: जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, म्हणजे मधली शर्यत ही विश्रांती. तक्ता स्वयंपाकघरातल्या टेबलावर विसरलो, ही चूक. आईने तो वाचला. चाळीस मिनिटांत तो कॅप्टनबाईंना पाठ होता.

संध्याकाळी दारात तिघं उभी. कॅप्टनबाई, पुरिंगमावशी आणि तेबानकाका. तेबानकाका म्हणजे चौतीस वर्षं एकाच मार्गावर जीपनी चालवणारा माणूस. लांबट जीप, मागून चढायचं, समोरासमोर दोन बाकडी, अठरा माणसं.

"मी सोडतो तुला," काका म्हणाले.

"काका, तुमचा परवाना फक्त तुमच्या मार्गाचा आहे ना? मार्ग सोडला तर गाडी जप्त करतात."

"त्याला विशेष फेरीचा परवाना मिळतो," कॅप्टनबाईंनी कागद काढला. "कारणाच्या जागी एकावर खूण करायची. लग्न, अंत्यविधी, सहल, तीर्थयात्रा. शर्यत नाही त्यात."

"अंत्यविधी लिहा," पुरिंगमावशी म्हणाल्या. "याचे पाय बघितलेत?"

"मावशी!"

"सहलीला विमा लागतो, लग्नाला नवरी लागते," बाई शांतपणे म्हणाल्या. "तीर्थयात्रा. समुद्रकाठी चर्च आहेच. फक्त यात्रेकरू कमीत कमी बारा हवेत, नावं आणि सह्यांसकट."

मी म्हणालो, हे योग्य होणार नाही. एका माणसाला सोडायला बारा माणसं, हे ऊर्जेच्या हिशेबाने अत्यंत वाईट आहे. पुरिंगमावशी सह्या करणाऱ्यांची नावं मोठ्याने आठवत होत्या, आणि आईने तांदूळ भिजत घालायला घेतले होते.

पुढचे चार दिवस सल्ल्यांचे गेले. धावण्याआधी उकडलेलं बदकाचं अंडं खायचं, पिल्लू धरलेलंच. सकाळी आंघोळ करायची नाही. आणि धावून आल्यावर तापलेल्या हातापायांना पाणी लावायचं नाही, नसा कायमच्या थरथरतात. हा शेवटचा सल्ला पुरिंगमावशींचा. मी म्हणालो, "मावशी, मी दिवसभर पाण्यातच हात घालतो." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुझं लग्न जमत नाही." दोन्ही गोष्टींचा संबंध सिद्ध झालेला नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

रविवारी पावणेतीनला बारा जण जीपमध्ये बसले होते. आईच्या मांडीवर केळीच्या पानात बांधलेल्या भाताच्या मोटल्या, पुरिंगमावशींच्या मांडीवर बाळयेशूची लाकडी मूर्ती. मी छातीवर नंबर लावून तेरावा. काका गाडीशेजारी उभे राहून अंधाऱ्या, रिकाम्या गल्लीत ओरडत होते, "चला, आणखी पाच, आणखी पाच!"

"काका, निघायचं ना?"

"भरली नाही अजून."

"सगळे आलेत!"

"अठराची गाडी आहे दोम. अर्धी भरून नेली की तिला वाईट सवय लागते."

तीन वाजून पाच मिनिटांनी, पाववाल्याकडे कामाला निघालेल्या दोन बायका चढून, गाडी भलत्याच दिशेला जाणार हे कळून रागाने उतरल्यावर, काका नाइलाजाने निघाले. माझ्या तक्त्यात अजून आठ मिनिटं शिल्लक होती.

तीन पस्तीसला वाहतूक पोलिसाने हात केला. बॅटरी आत फिरवली. "हा मार्ग तुमचा नाही."

काकांनी परवाना दिला. पोलिसाने वाचला. मग माझ्याकडे, म्हणजे छातीवरच्या नंबराकडे, अर्ध्या चड्डीकडे बघितलं. "हा पण यात्रेकरू?"

"नवस आहे त्याचा," पुरिंगमावशी म्हणाल्या, आणि कुणी काही बोलायच्या आत मूर्ती उंच धरून त्यांनी जपमाळ सुरू केली. अकरा जणांनी साथ दिली. त्यांचा हेतू एवढाच, की पोलीस ओशाळून जा म्हणेल.

पण पोलिसाने टोपी काढली. बॅटरी विझवली. मागच्या पायरीवर गुडघा टेकला आणि तोही म्हणू लागला, सगळ्यांपेक्षा खणखणीत आवाजात. आता मध्येच थांबायचं कसं? पहिलं दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक फेरा, झालं. पुरिंगमावशींनी आवाज जरा उतरता केला, तर त्याने दुसरं सुरू केलं. मी घड्याळाकडे बघितलं तर आईने कोपर मारलं. पाचही दशकं झाली. मग त्याने आपल्या आईच्या गुडघ्यांसाठी एक प्रार्थना जोडायला सांगितली, तीही झाली. एकोणीस मिनिटं. निघताना तो म्हणाला, "माझ्यासाठीही तिथं मेणबत्ती लावा."

"आता लावावीच लागेल," आई कुजबुजली. "दोम, तुझं झालं की आठवण कर."

चार पंचवीसला समुद्राच्या रस्त्याला लागणार तोच लोखंडी अडथळे आले. तीच जागा. तोच कोपरा, जिथे गेल्या वर्षी मला उतरवलं होतं. सुरुवातीची कमान पाच किलोमीटर लांब, आणि ती चार पंचेचाळीसला बंद होणार. मी उतरायला उठलो.

अडथळ्यापाशी उभा असलेला स्वयंसेवक धावत आला. "किती उशीर! कधीपासून वाट बघतायत तुमची!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मागे राहिलेल्यांना उचलणारी गाडी ना? लवकर जा. बस येणार म्हणाले होते, जीप पाठवली का? असू दे!" त्याने अडथळा ओढला.

मी प्रामाणिकपणे सांगायला तोंड उघडलं. आईने त्यात भात घातला.

कमानीपाशी पोचलो तेव्हा चार एकेचाळीस झाले होते. सगळे केव्हाच गेले होते. मी बुटांच्या नाड्या परत बांधल्या आणि चार त्रेचाळीसला, बंदुकीच्या आवाजानंतर तेरा मिनिटांनी, एकटाच कमानीखालून निघालो. मागे ऐकू आलं ते एका मुलीचं बोलणं. ती शर्यतीची अधिकारी, हातात पिवळा झेंडा आणि भोंगा. खरी बस शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्यांमुळे कुठेतरी अडकली होती, हे तिला नुकतंच कळलं होतं.

"काका, ही गाडी मला द्याल? नियम सोपा आहे. चार पंचेचाळीसला निघायचं, ताशी सात किलोमीटर, कमी नाही जास्त नाही. ज्याच्या पुढे गाडी जाईल तो बाद, त्याला आत घ्यायचं. पावणेआठला शेवटची कमान, घड्याळ बंद."

"म्हणजे रस्त्यातून माणसं उचलायची?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद मी दोनशे मीटरवरून ओळखला. ती मुलगी बसली तरी पाच जागा रिकाम्या होत्या.

तर परिस्थिती अशी: सर्वांत शेवटचा धावपटू मी, आणि मला बाद करायला मागून येणाऱ्या गाडीत माझी आई.

पहिले सोळा किलोमीटर सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि आयुष्यात एवढं समाधान मला क्वचितच मिळालंय. उजाडलं, समुद्र राखाडीचा निळा झाला, किलोमीटरला आठ मिनिटं. मी काही लोकांना मागे टाकलं. मागे टाकलेले थोड्या वेळाने जीपमध्ये दिसायचे म्हणे. सोळाव्या किलोमीटरला मी गाडीच्या अकरा मिनिटं पुढे होतो.

आणि मग, जिथवर मी सराव केला होता बरोबर तिथेच, उजव्या पोटरीने राजीनामा दिला.

गोळा आला. चार मिनिटं मी दिव्याच्या खांबाला धरून पाय ताणत उभा राहिलो. मग लंगडत निघालो. किलोमीटरला दहा मिनिटं, मग त्याहून जास्त. मनात सारखं गणित चालू होतं आणि उत्तर सारखं तेच येत होतं. एकोणिसाव्या किलोमीटरच्या पुढे मला इंजिनाचा आवाज ऐकू आला. तेबानकाकांच्या जीपचा आवाज मी झोपेतही ओळखतो. तिसरा ठोका जरा चुकतो.

"अरे तो बघा आपला दोम!" पुरिंगमावशींना अधिकारी मुलीचा भोंगा सापडला होता. "ए एकवीस! पळ! घरी फ्लेक्स लागलाय!"

तीस मीटर. वीस. मी मागे बघितलं. काकांचा चेहरा काचेमागे पांढरा पडला होता. वेग कमी करावा तर नियम मोडतो, आणि चौतीस वर्षांत या माणसाने लाल सिग्नलसुद्धा तोडला नव्हता.

तेवढ्यात छतावर टकटक झालं. आमच्याकडे उतरायचं असलं की असंच नाण्याने वाजवतात.

"थांबवा!" आईचा आवाज.

जीप जागच्या जागी थांबली. आई मागून सावकाश उतरली, रस्ता बघितला, म्हणाली, "अगंबाई, हे ते ठिकाण नाही," आणि सावकाश परत चढली.

"काका, गाडी थांबवायची नाही!" मुलगी ओरडली.

"बाळ, प्रवासी थांबवा म्हणाला की गाडी थांबते. तुझा नियम आजचा आहे. हा माझा पाय चौतीस वर्षांचा आहे, त्याला विचार."

पन्नास मीटर पुढे परत टकटक. आता पुरिंगमावशी, मूर्तीसकट. मग कॅप्टनबाई, ज्यांनी उतरून रस्त्याची पाहणी केली आणि डांबर चांगलं असल्याचा शेरा दिला. मग तर आत बसलेले बाद धावपटूही वाजवू लागले. प्रत्येक वेळी काकांचा पाय आपोआप ब्रेकवर जात होता. त्यांनी मला नंतर शपथेवर सांगितलं की त्यात त्यांचं मन कुठेच नव्हतं.

हे न्याय्य होतं का? शेवटच्या किलोमीटरमध्ये मी याचाच विचार करत होतो, कारण पायाचा विचार करणं शक्य नव्हतं. गाडी माझ्या पुढे गेली नाही, हे खरं. पण कमानीवरचं घड्याळ कुणाच्या टकटकीने थांबत नव्हतं. ते मलाच हरवायचं होतं. अकरा मिनिटं, सव्वा किलोमीटर. पोटरी जरा सैल झाली, किंवा मला तिचं काही वाटेनासं झालं. मी धावलो. शेवटी शेवटी तर खरोखर धावलो, तोंड उघडं टाकून, आणि त्यात कुणीही काही घातलं नाही.

तीन तास चौदा मिनिटं अडतीस सेकंद. हद्द तीन तास पंधरा मिनिटं.

जीप आणखी सहा मिनिटांनी पोचली. अधिकारी मुलीने वही उघडली आणि लिहिलं की गाडी दिलेल्या वेळेत आली नाही. म्हणजे शेवटी बाद झाली ती जीपच. जीपमध्ये मात्र एकही जागा रिकामी नव्हती, त्यामुळे काकांना कशाचंच वाईट वाटलं नाही.

पोलिसाची मेणबत्ती लावून आम्ही दहाच्या सुमारास गल्लीत परतलो. मी मेडल गळ्यातून काढून हातात धरलं होतं. फ्लेक्सखाली मी सगळ्यांना थांबवलं. आता सांगायलाच हवं होतं.

"एक गोष्ट आहे," मी म्हणालो. "गेल्या वर्षी मी..."

"बूट काढ," आई म्हणाली.

"आई, मी काहीतरी महत्त्वाचं—"

"काढ म्हणते ना."

आई एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात तळवे शिवते. तिने माझा उजवा बूट उलटा केला, अंगठ्याने टाचेची कड चाचपली, पुढच्या गोलाव्यावरून बोट फिरवलं, आणि तो पुरिंगमावशींकडे दिला. मावशींनी बघून कॅप्टनबाईंकडे दिला. बाईंनी काकांकडे.

"हं," आई म्हणाली. "हे एकवीस किलोमीटर."

मी दुसराही बूट काढायला वाकलो.

"गेल्या वर्षी आलास तेव्हा कोरी टाच जेमतेम पाच किलोमीटर झिजली होती," ती म्हणाली. "त्याच दुपारी बघितलं मी."

"आणि त्याच दुपारी मला सांगितलं," पुरिंगमावशी म्हणाल्या. म्हणजे सगळ्या गल्लीला.

"मग वर्षभर मला एकवीस का म्हणत होता?"

"दुसरं काय म्हणणार?" काका म्हणाले. "तू रोज पहाटे नदीवर जात होतास. म्हटलं, पोरगा निघालाय तिकडे, पोचेल कधीतरी."

मी बूट हातात घेऊन उभा राहिलो. खरं तर मला रागवायचं होतं, पण त्यासाठी लागणारा सूर सापडेना. शेवटी मी कॅप्टनबाईंना म्हणालो, "बाई, मग नवीन फ्लेक्स तरी करू या. पैसे मी देतो. हा उन्हाने जांभळा पडलाय."

"कशाला?" बाईंनी वर बघितलं, आधी स्वतःच्या चेहऱ्याकडे, मग माझ्या. "चांगला आहे की अजून. तारीख मी काय उगाच घातली नव्हती?"

मीही वर बघितलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत नीट वाचलं. एकही चूक सापडली नाही.